उसनं हेल्मेट

इंदूरच्या रामबागेतल्या दादानं परवा घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडाचे पंख असलेला पोशाख, घातलेला माणूस कड्यावरून उडी मारतो आणि झाडांच्या शेंड्यांना घासत जातो. खाली दादाचा शेरा : "हे मरायलाच जाऊन राहिले. तुमचं सरकार झोपलंय का?"

तुमचं! पंधरा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला राहते म्हणून इथले कडेसुद्धा माझ्या नावावर चढले.

झोपलेलं नाही, दादा. इथल्या लाउटरब्रुननच्या खोऱ्यात उडीआधी हेलिकॉप्टरच्या तळावर फोन करायचा असतो. लँडिंग कार्ड घ्यायचं, त्याचे पैसे शेतकऱ्यांना जातात, कारण तुडवलेलं गवत हा गाईंचा हिवाळ्याचा चारा. सुवा या इथल्या अपघात विमा संस्थेच्या लेखी बेसजंपिंग, म्हणजे कड्यावरून पॅराशूट घेऊन मारलेली उडी, हा कितीही काळजी घेतली तरी न टळणारा धोका. दवाखान्याचं बिल भरतात, पण भरपाई नि पेन्शन निम्म्यावर. उडी मार, पण हिशोबात मार.

आणि उडणारे सगळेच येडे नसतात. विमानातून दोनशेएक उड्या झाल्याशिवाय विंगसूटला हात लावू नये, असा रिवाज आहे. त्या कापडात हवा भरेपर्यंत काही सेकंद नुसतं पडायचं, मग अडीच-तीन मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. पॅराशूट एकच, राखीव नाही. बरेचसे मरतात ते कापड दगा देतं म्हणून नाही, कड्याच्या जवळून जाण्याचा मोह आवरत नाही म्हणून. तो मोह कुठला कायदा आवरणार? अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अशा उड्यांना बंदीच, तरी डीन पॉटरसारखा मुरलेला उडीबहाद्दर 2015 मध्ये तिथेच उडी मारताना मेला.

दादानं लगेच आल्प्समधल्या शामोनी गावची बातमी चिकटवली. 2016 मध्ये एक जण घरावर आदळून मेला, तेव्हा तिथल्या महापौरांनी विंगसूटवर बंदी घातली. मी लिहिलं, "ते फ्रान्स आहे." उत्तर भिकार होतं, मला कळतं.

मग मी इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याचा विषय काढला. 2011 च्या जुलैत एका कुटुंबातली माणसं लोंढ्यात वाहून गेली, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. ती माणसं तर नुसती सहलीला आली होती. आपल्याकडे धोका कुणी पत्करत नाही, तो येऊन गाठतो, असं काहीसं मी ठणकावलं. दादा गप्प. मला जिंकल्यासारखं वाटलं.

खरं सांगायचं तर मी इथे साधं पॅराग्लायडिंगही केलेलं नाही. रविवारी खोऱ्यात गेले की वरून जुनी चादर फाडल्यासारखा आवाज येतो, आणि माझी मान खाली जाते. कोप या सुपरमार्केटच्या रांगेत असताना हेलिकॉप्टर वर गेलं की सगळे क्षणभर खिडकीबाहेर बघतात, मग आपापलं चीज पट्ट्यावर ठेवतात. मीही ठेवते.

2025 च्या ऑगस्टमध्ये गणपतीला इंदूरला गेले, तेव्हा हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा हुकूम होता. दादाच्या मुलाची ॲक्टिव्हा घेऊन मी निघाले. इथे सायकलवरही हेल्मेट घालणारी मी, तिथे मुद्दाम घातलं नाही. मागच्या खेपेला घातलं होतं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "फॉरेनची पाहुणी आली!" पंपावर मागच्या मुलाला म्हटलं, "भिया, दोन मिनिटं दे ना." त्यानं न विचारता डोक्यावरचं काढून दिलं. आत घामाचा नि तेलाचा वास. टाकी भरली, हेल्मेट परत केलं, आणि मोकळ्या केसांनी राजवाड्याकडे निघाले.

हे अजून दादाला सांगितलेलं नाही.