आठ कोपरे आणि एक सैतान : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉल गावी मेथडिस्टांनी (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) अष्टकोनी बांधलेल्या चॅपेलवर, म्हणजे प्रार्थनागृहावर, मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे : "सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून अष्टकोन, हे शेंबडं पोरही सांगेल. आज ते चॅपेल धड अष्टकोनीही नाही. लेखकाने गूगलबाहेर पडावं. फोटोही अंधारे."

महोदय, मतभेद मान्य; 'शेंबडं पोर' कशाला? अठरा वर्षं जुन्या छपरांची मापं घेणाऱ्याला तुम्ही गूगलचं दार दाखवता, असो.

आधी सैतान. चौकोनाला कोपरे चार, अष्टकोनाला आठ. म्हणजे लपायच्या जागा दुप्पटच झाल्या की!

खरं कारण मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींनीच सांगून ठेवलंय. नॉरिचचं अष्टकोनी चॅपेल दुसऱ्या पंथाचं, पण १७५७ मध्ये ते पाहून वेस्ली भारावले. पुढे मेथडिस्टांच्या नियमांतच आलं : जागा असेल तिथे अष्टकोन बांधा, आवाजाला तोच उत्तम. त्याच नियमांत छपराची उंची रुंदीच्या एक तृतीयांश, खिडक्या वरून खाली सरकणाऱ्या, बाकांना पाठ नको, मधोमध कठडा घालून स्त्री-पुरुष वेगळे. सैतानाचा उल्लेख कुठे आहे, दाखवा.

हिशेबही मांडतो. क्षेत्रफळ तेवढंच ठेवलं तर अष्टकोनाची भिंत चौकोनापेक्षा सुमारे ९ टक्के कमी लागते. पण वाचलेला पैसा कोपरे खातात : प्रत्येक कोपऱ्याचा दगड ९० नव्हे, १३५ अंशांत घडवावा लागतो. छपराचं दुखणं याहून मोठं. आठ कोपऱ्यांतून शेंड्याकडे जाणारे वासे भिंतींना बाहेर रेटतात. भिंतींच्या माथ्यावरच्या तुळया एकमेकींत कडीसारख्या अडकवून तो रेटा धरायचा. कोपऱ्यात पाणी मुरून एक जोड कुजला की कडी सुटते आणि भिंत फुगते. हे काम सगळ्या सुतारांना जमत नसे, म्हणूनच हेप्टनस्टॉलचं छप्पर रॉदरमला घडवून घोड्यांवर लादून डोंगरावर आणलं.

एक कबूल करतो. मूळ लेखातला 'नियमित अष्टकोन' (सगळ्या बाजू सारख्या) हा माझा शब्द चुकला. १७६४ ला तसा होता. १८०२ मध्ये जागा अपुरी पडली म्हणून एक टोक पाडून बाजूच्या भिंती वाढवल्या, आणि तो लांबट झाला. शब्द दुरुस्त केलाय. १८०२ ची हकीकत मात्र मूळ लेखात होतीच. तिथवर वाचलं असतंत, तर ही ओळ लिहायचे तुमचे कष्ट वाचले असते.

फोटोंबद्दल काही म्हणायचं नाही.