टाळ्या वाजवून झाल्या असतील तर

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मुलाचा वाढदिवस, गच्ची, हातात पिंजरा. दार उघडलं, आतले फिंच, म्हणजे चिमणीहून छोटे पिंजऱ्यातले पक्षी, भुर्रकन उडाले. एक पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला, बाकीचे दिसेनासे झाले. खाली टाळ्याच टाळ्या. कोणीतरी लिहिलं, 'याला म्हणतात संस्कार.' गॅसवर दूध उतू गेलं तरी मी तो व्हिडिओ बघत होते, कारण मला टाकीमागे बसलेले कावळे दिसत होते.

पोराला मी काही बोलणार नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं. राग आहे तो मोठ्यांचा. आदल्या दिवशी दुकानात जाऊन पैसे मोजून पक्षी आणायचे, ते सोडण्यासाठीच! दुकानदार खूश, रिकामा पिंजरा तो उद्या पुन्हा भरणार. मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं, तर उत्तर आलं, 'ताई, प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह कशाला?' म्हणून इथे लिहितेय.

अहो, हे झेब्रा फिंच आहेत. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, गवताळ भागातले. त्या देशाने आपले पक्षी बाहेर पाठवणं १९६० सालीच बंद केलं. आपल्याकडे विकायला येतात ते पिंजऱ्यातच अंड्यातून बाहेर आलेले, त्यांचे आईबाप पिंजऱ्यातले, आजे-पणजेही पिंजऱ्यातले. वजन जेमतेम बारा ग्रॅम. दाणा वाटीत असतो, एवढंच त्यांना माहीत. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या गच्चीवरून ते जाणार कुठे?

आमच्याकडचा पहिला नर असाच कोणाच्या तरी पुण्यकर्मातून आला. भर पावसाळ्यात गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर बसलेला, चिंब भिजलेला, शेपटीची पिसं उपटलेली, आणि दोन कावळे ग्रिलला लटकून वाट बघत होते. मी नुसती ओरडत होते. सासूबाईंनी शांतपणे हातातला पंचा त्याच्यावर टाकला, अलगद उचलला आणि रोवळीखाली ठेवला. 'उपासाचे वरीचे तांदूळ घाल गं, पाखरूच आहे ते.' खाल्ले की त्याने! सासूबाई, म्हणजे आमच्या आई, त्याला पाहुणा म्हणायला लागल्या, आणि तेच नाव राहिलं.

हो, पिंजरा तो पिंजराच, मान्य. कमेंटमध्ये सांगायची तसदी घेऊ नका. नवीन पक्षी विकत आणा असं मी कोणालाच म्हणणार नाही. पोपट, मुनिया हे तर आपले इथलेच पक्षी. ते घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तिथे सरळ वनखात्याला कळवा. पण जो जीव आधीच तुमच्या घरात आहे, त्याचं करायला नको म्हणून दार उघडायचं आणि त्याला दया म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि करायला लागतं तरी काय? फार नाही, पण रोज लागतं. पाहुण्याला एकटं ठेवून चालेना, हे पक्षी थव्यातले. कोपरीच्या एका कुटुंबाची बदली झाली, त्यांची मादी आम्ही आणली. पिंजरा घेताना दुकानदार उंच, घुमटवाला दाखवत होता. दिसायला देखणा, पण फिंच आडवे उडतात, त्यांना लांबी हवी. वाटीत राळा घालायचा, दुकानात कांगणी म्हणून मिळतो तो. खाऊन झालं की टरफलं वरच राहतात, वाटी भरलेली दिसते आणि पाखरं उपाशी! फुंकर मारून बघायचं. आंघोळीला पसरट बशी. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगलेला हवा, नाहीतर मादीची अंडी अडकू शकतात. अंडी घालायला मडकं लावलं की ही जोडी थांबतच नाही, बाळंतपणावर बाळंतपण, आणि मादी झिजून मरते. आम्ही एकदाच पिल्लं होऊ दिली आणि मडकं काढून टाकलं. डासांची कॉइल त्या खोलीत बंद. नॉनस्टिक तवा तर मी घरातूनच घालवला. जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी पटकन मरतात. नवऱ्याला अजून त्या तव्यावरचे डोसे आठवतात, आठवू देत.

पिल्लांवरून आठवलं. या झेब्रा फिंचमध्ये गातो फक्त नर, आणि पोरगा गाणं बापाकडून शिकतो. यांच्या शिकण्यावर जगभर संशोधन चालतं. कोंबडीनंतर ज्याचा जनुकीय आराखडा पूर्ण उलगडला तो पक्षी हाच, २०१० साली. आमच्याकडे हे संशोधन आईंच्या जपाच्या वेळी चालायचं. पाहुणा रबरी खेळण्यासारखा पीं-पीं करायचा, पिल्लू मागून चुकतमाकत तसंच करायचं. आई माळ थांबवून म्हणायच्या, 'अजून शेवट जमत नाही याला.' आणि एक दिवस जमला. आईंनी देवाला दाखवलेल्या नैवेद्यातली कोथिंबीर त्याला घातली. हे लिहिताना राग जरा उतरला बघा.

पण व्हिडिओ परत समोर आला, आता कोणीतरी मागे गाणंबिणं लावून स्टेटसला ठेवलाय. असो.

आसपास कोणाच्या ग्रिलवर केशरी चोचीचं, चिमणीहून लहान पाखरू दिसलं तर हुसकावू नका. पंचा टाका, भोकं असलेल्या खोक्यात ठेवा, दाणा-पाणी द्या आणि मला मेसेज करा, रात्र असली तरी चालेल. गच्चीत वाटी आणि उघडा पिंजरा मी ठेवलाच आहे.

आणि ज्यांच्याकडे फिंच आहेत पण आता कंटाळा आलाय, गावी जायचंय, परीक्षा आहेत, काहीही असो, माझ्याकडे आणून द्या. कारण विचारणार नाही. माळ्यावर एक लांबट पिंजरा आहे. आई दोन दिवस कटकट करतील, तिसऱ्या दिवशी स्वतःच बारसं करतील.