टीडीएस १८० आलं, म्हणजे पाणी चांगलं?

बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवायचं, १८० दिसलं की "पाणी मस्त आहे" म्हणून मोकळं व्हायचं. या सवयीचा मला राग आहे. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या पाचपट आर्सेनिक असलं तरी १८० चं १८१ होणार नाही. जंतू तर या मीटरच्या गावीही नसतात. उलट ६०० टीडीएसचं पाणी चवीला जड लागेल, पण निर्धोक असू शकतं.

"आम्ही उकळून पितो" हेही अर्धंच उत्तर. जंतू मरतात, पण नायट्रेट (खतं-सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार) भांड्यातच राहतं आणि पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना याचा धोका सर्वात जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा: आकडा 'नायट्रेट'चा आहे की 'नायट्रेट-नायट्रोजन'चा? दुसरा असेल तर ४.४३ ने गुणा. २० वाचून निश्चिंत झालेल्या माणसाच्या पाण्यात खरं तर ८९ च्या आसपास नायट्रेट असतं!

आता नमुना. निम्मे अहवाल इथेच फसतात असं माझं मत. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, घरची धुतलेली चालत नाही. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या. बाटली विसळू नका. तळाशी दिसणारी पूड कचरा नसून सोडियम थायोसल्फेट असतं. ते उरलेलं क्लोरिन मारतं. नाहीतर क्लोरिन वाटेतच जंतू मारत राहतं आणि घाण पाण्याचा अहवाल स्वच्छ येतो. वर थोडी जागा ठेवून झाकण लावा, बर्फाच्या डब्यात ठेवा, शक्यतो सहा तासांत पोहोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही सापडता कामा नये. आर्सेनिक, शिसं यांची बाटली वेगळी.

आदल्या दिवशी बोअरमध्ये क्लोरिन ओतून नमुना पाठवणं ही तर शुद्ध फसवाफसवी. क्लोरिन पूर्ण उतरल्यावरच नमुना घ्या, आणि एक जोरदार पावसानंतरही घ्या. फक्त तेव्हाच ई. कोलाय निघालं तर आधी केसिंगचं (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपचं) तोंड आणि भोवतीचं काँक्रीट तपासा. वरचं पाणी तिथूनच आत मुरत असण्याची शक्यता मोठी, आणि तसं असेल तर कितीही क्लोरिन ओता, पुढच्या पावसात तेच.