नायगावचा वाणी, रॉचडेलचं दुकान

आमच्या नायगावच्या चाळीखालचं वाण्याचं दुकान बंद झालं, असं ताईनं फोनवर सांगितलं आणि घरात दोन तट पडले. भाचा म्हणतो, मोबाईलवरून दहा मिनिटांत डाळ-तांदूळ दारात येतात, मग एवढं वाईट का वाटून घ्यायचं? ताई म्हणते, दुकान गेलं आणि गल्लीतली उठबसच संपली. मी मँचेस्टरहून दोघांचंही ऐकतो. मन ताईकडे ओढतं. पण बावीस वर्षं इथे काढल्यावर एवढं कळलंय, की दुकान आठवणींवर चालत नाही.

तरी आठवणी सांगतोच. दुकान जेमतेम दहा बाय बाराचं. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, त्याचा दोरा खसकन ओढून शेठ कागदाची पुडी बांधायचे. घरी आल्यावर आई तो दोरा सोडवून गुंडाळून ठेवायची. अडीचशे ग्रॅमला ती शेवटपर्यंत पावशेरच म्हणाली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही होते. उधारीची आमची वही भरली. शेठनी दुसरी काढली, पण सामान एक दिवस थांबवलं नाही. पुढे बाबांनी वॉचमनची नोकरी धरली आणि ती उधारी फेडायला चार वर्षं घेतली. शेठनी त्या चार वर्षांत एकदाही सगळ्यांसमोर आकडा काढला नाही. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

महिन्याचं मोठं सामान मात्र अपना बाजारातून यायचं. 1948 साली नायगावातच कामगारांनी उभं केलेलं ते सहकारी भांडार. भाव ठरलेला, वजन चोख. आई भागधारक होती आणि भागाचा कागद तिनं लग्नातल्या साड्यांखाली जपून ठेवला होता. दिवाळीआधी रवा, मैदा, साखरेसाठी तिथे रांग लागायची, आणि फराळात कोण काय करणार हे सगळं त्या रांगेतच ठरायचं. फोर्टातलं अकबरअलीज हे 1897 पासूनचं मोठं दुकान आमच्यासाठी वर्षातून एकदाच. बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे. आम्ही सगळे मजले हिंडायचो आणि बहुधा एखादी छत्री घेऊन परतायचो. आता तेही नाही.

मँचेस्टरहून ट्रॅमनं रॉचडेलला जाता येतं. तिथल्या टोड लेनवर 21 डिसेंबर 1844 ला 28 जणांनी एक दुकान उघडलं. त्यांतले बरेच विणकर. माल म्हणजे पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, बस. भेसळ नाही, आणि ज्याची जेवढी खरेदी, तेवढा त्याला नफ्यात वाटा. जगभरच्या सहकारी भांडारांनी हाच नमुना पुढे नेला. आज तिथे संग्रहालय आहे. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा आईच्या त्या कागदाची आठवण होऊन मला बोलवेना. कापडगिरण्यांच्या दोन गावांत, शंभर वर्षांच्या अंतरानं, त्याच गरजेतून तेच दुकान निघालं होतं.

दुकानं इथेही बुडतात. वूलवर्थ्स या इथल्या जुन्या साखळीची जवळपास आठशे दुकानं जानेवारी 2009 पर्यंत एकेक करून मिटली, 27 हजारांच्या नोकऱ्या गेल्या. माझ्या शेजारच्या आजीबाई तेव्हा डोळे पुसत होत्या, पण त्यांनीच मला सांगितलं की तिथून त्यांनी कित्येक वर्षांत काही घेतलं नव्हतं. आपलंही तेच झालं. अपना बाजारचे आपण सभासद होतो, पण वार्षिक सभेला किती जण गेलो? राधाकिशन दमाणींनी किराण्याचा धंदा आधी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी घेऊन करून पाहिला आणि 2002 मध्ये पवईला स्वतःचं डी-मार्ट काढलं. आपण दोन रुपये स्वस्त मिळालं तिकडे गेलो. मी परदेशात निघून आलो, म्हणजे माझाही वाटा त्यात आहेच.

भाच्याचं एक मला पटतं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरपोच सामान हा मोठा आधार आहे. पण सोय हवी की दुकान, असा वाद घालणंच मला चुकीचं वाटतं. इथे मोठी सुपरमार्केटं आहेत आणि कोपऱ्यावरची छोटी दुकानंही टिकून आहेत, कारण त्यांना कायद्याचा हात आहे. 1994 च्या कायद्यानं 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी सहाच तास उघडं राहतं. तेव्हा छोट्यांचा गल्ला भरतो. 2011 च्या कायद्यानं रहिवासी गावातलं दुकान सामाजिक महत्त्वाची जागा म्हणून नोंदवू शकतात. मालकानं ते विकायला काढलं, तर पैसे जमवायला त्यांना सहा महिने मिळतात. काही गावांनी अशी दुकानं विकत घेऊन सभासदांच्या जोरावर चालवली आहेत.

आमचे शेठ मोबाईलमुळे गेले नाहीत. चाळ पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीत त्यांना गाळा मिळणार होता, कागदोपत्री सगळं रीतसर होतं. पण बांधकामाची वर्षं कुठे बसायचं? बिल्डरकडून भाडं हातात येतं, पण गिऱ्हाईक पांगतं. पांगलेलं गिऱ्हाईक सत्तरीतल्या माणसानं पुन्हा कसं गोळा करावं? त्यांनी गाळ्याचा हक्क सोडला आणि ते कच्छला गेले.

ताईची चाळ वेगळी. तिच्या पुनर्विकासाची सभा येत्या रविवारी आहे. तिच्या चाळीखाली पिठाची गिरण आहे, शेजारी एक वाणी आहे. मी तिला सांगितलंय, संमतीपत्रावर सही करायच्या आधी बिल्डरला एकच विचार: बांधकाम चालू असताना या दोघांना याच गल्लीत पत्र्याचे दोन गाळे देणार का? आणि जे सांगेल ते करारात लिहून घे.