नखं निळी नाहीत म्हणून थांबू नका

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ओठ-नखं निळी पडली नाहीत तोवर फुप्फुसाला धोका नाही, दवाखान्याची घाई नको.’ हे साफ चुकीचं आहे, आणि आपल्याकडे तर जीवघेणं.

निळेपणा उशिरा येतो. रक्ताच्या एका डेसिलिटरमागे (१०० मिलि) साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारा रक्तातला घटक, ऑक्सिजनविना राहिलं, की तो रंग डोळ्याला दिसतो. मग ज्याचं हिमोग्लोबिनच ७ आहे त्याचं काय? तो निळा दिसण्याआधीच अत्यवस्थ झालेला असतो. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर रक्तक्षय आणि सिकलसेल (हिमोग्लोबिन कमी करणारा आनुवंशिक आजार) किती आहे, हे तिथल्या आशाताईंना चांगलं ठाऊक आहे. सावळ्या रंगावर निळेपणा आणखीच लपतो. बघायचाच तर जिभेवर, उजेडात बघा. नुसती नखं थंडीनेही निळी होतात.

खरी खूण श्वासात असते. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ पीतच नसेल, तर आकडा बघत बसू नका.

मोठ्या माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर १०८ ला फोन लावा.