युंगने असं काहीही ‘सिद्ध’ केलेलं नाही

नागपंचमीच्या आदल्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर आला. नंतर तोच आणखी तीन गटांवर दिसला, म्हणजे तो बराच फिरतो आहे. मजकुराचा सारांश असा: कार्ल युंग या जगप्रसिद्ध स्विस मानसशास्त्रज्ञाने सिद्ध केलं आहे की पुराणकथांमधल्या प्रतिमा प्रत्येक माणसाच्या मनात जन्मतःच कोरलेल्या असतात. म्हणून साप जगात कुठेही दिसला तरी तो कुंडलिनीचं, सुप्त शक्तीचंच प्रतीक असतो. हे ज्ञान घ्यायला युंग भारतात आला आणि इथल्या ऋषींपुढे नतमस्तक झाला. रावणाची दहा तोंडं म्हणजे दहा विकार. आणि जगातल्या सगळ्या कथा मुळात एकच आहेत.

पाठवणारी माझी आत्या. तिचा हेतू चांगलाच होता. पण मी युंग बरीच वर्षं वाचतो आहे, आणि पुराणातल्या गोष्टी त्याच्याही कितीतरी आधीपासून ऐकत आलो आहे. हा मजकूर दोघांवरही अन्याय करतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा ‘सिद्ध केलं’ हा. त्यासाठी जो पुरावा नेहमी पुढे केला जातो, त्याची हकीकत फार कमी जणांना माहीत असते. झुरिकच्या बुर्गहॉल्झ्ली मनोरुग्णालयात युंग 1900 ते 1909 काम करत होता. तिथल्या एका रुग्णाला सूर्याला लोंबणारं लिंग दिसायचं. आपण डोकं हलवलं की तेही हलतं आणि त्यातूनच वारा सुटतो, असं तो सांगायचा. पुढे युंगच्या हाती आल्ब्रेख्त डीटेरिख या अभ्यासकाचं पुस्तक पडलं. त्यात एका जुन्या ग्रीक हस्तलिखितातला मिथ्र देवतेचा विधी छापला होता, आणि त्यातही सूर्यबिंबाला लोंबणाऱ्या नळीतून वारा येतो असं वर्णन होतं. रुग्णाला हे माहीत असणं शक्यच नव्हतं, तेव्हा ही प्रतिमा मानवजातीच्या सामूहिक अबोधातून, म्हणजे सगळ्या माणसांत समान असलेल्या मनाच्या अजाण थरातून आली, असा निष्कर्ष युंगने काढला. 1959 साली बीबीसीच्या मुलाखतीतही त्याने हीच गोष्ट सांगितली.

आता अडचणी बघा. पुस्तक 1910 सालचं, असं युंग धरून चालला होता. ती दुसरी आवृत्ती निघाली; पहिली 1903 ची. रुग्ण त्याआधीच दाखल झाला होता, असा खुलासा पुढे जोडावा लागला. पण दाखल झालेल्या माणसाच्या हाती काही पडतच नाही, असं थोडंच आहे? शिवाय अशा सूर्यप्रतिमांची वर्णनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मन ग्रंथांतही होती, आणि त्या काळच्या युरोपात थिऑसॉफी या गूढवादी चळवळीच्या पुस्तिका-मासिकांतून प्राचीन गूढविद्येची रेलचेल होती. आणखी एक गोष्ट. 1912 च्या पुस्तकात युंगने या निरीक्षणाचं श्रेय योहान होनेगर या तरुण सहकाऱ्याला दिलं होतं. होनेगरने 1911 मध्ये आत्महत्या केली. नंतर मात्र युंग हा प्रसंग स्वतः पाहिल्यासारखा सांगू लागला. यावरून तो लबाड होता असं मला म्हणायचं नाही. पण एक रुग्ण, एक हस्तलिखित आणि तारखांचा घोळ एवढ्यावर ‘सिद्ध झालं’ हा शब्द बसत नाही. ही एक कल्पना आहे, सुंदर आणि विचारात पाडणारी. तिला सिद्धान्ताचा शिक्का लावायची घाई युंगच्या चाहत्यांनीच जास्त केली.

‘जन्मतः कोरलेल्या प्रतिमा’ हे तर खुद्द युंगनेच नाकारलं आहे, आणि एकदा नाही. अशा प्रतिमांमागच्या मूळ साच्याला तो आदिबंध (आर्किटाइप) म्हणायचा. आदिबंध म्हणजे वारशाने मिळालेलं चित्र नव्हे, चित्र घडण्याची शक्यता, असं तो सांगत राहिला. त्याने स्फटिकाची उपमा दिली. मिठाचं संपृक्त पाणी वाळू दिलं की खडे ठरावीक ठेवणीचे तयार होतात. ती ठेवण पाण्यात कुठेही ‘दिसत’ नसते, आणि प्रत्येक खड्याचा आकार वेगळाच होतो. फिरणाऱ्या मजकुराने नेमका हा फरकच पुसून टाकला आहे.

आता साप. खरं तर मी लिहायला बसलो ते यासाठीच.

सापाला जगभर एकच अर्थ आहे म्हणणाऱ्याने एकट्या इजिप्तकडे पाहिलं तरी पुरे. फॅरोच्या मुकुटावर फणा काढून बसलेली नागीण राजाचं रक्षण करते, आणि त्याच इजिप्तमध्ये अपोफिस हा महासर्प दर रात्री सूर्याची नाव गिळायला येतो. एकच लोक, एकच नदी, आणि साप रक्षकही आणि वैरीही. ग्रीकांच्या आस्क्लेपिओसच्या मंदिरात साप आजाऱ्यांना बरं करणाऱ्या देवाचा सोबती. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात तो धूर्त, फसवणारा. यातला कोणता ‘खरा’?

आणि आपल्याकडे? माझी आजी नागपंचमीला पाटावर उजव्या हाताच्या बोटाने गंधाचे नाग काढायची. प्रत्येकाचा फणा ती बोट जरा दाबून रुंद करायची, मग लाह्या आणि दूध. त्या दिवशी घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. शेतात नांगर नाही, खणणं नाही. आणि मग कहाणी: शेतकऱ्याच्या नांगराने नागाची पिल्लं मेली, नागिणीने सूड घ्यायला सगळं घर डसलं, शेवटी सासरी असलेल्या मुलीकडे गेली, तर ती पाटावर नाग काढून पूजा करत बसलेली. नागीण शांत झाली, आणि मुलीच्या माहेरची माणसं पुन्हा उठून बसली.

या कहाणीत मणक्यातून वर चढणारी शक्ती कुठे आहे? इथे श्रावण आहे, पावसाने बिळांतून बाहेर आलेले साप आहेत, नांगराच्या फाळाने नकळत झालेली हत्या आहे, आणि माहेराची काळजी करणारी एक मुलगी आहे. गावोगावच्या बाया नागाला भाऊ मानतात, त्याच्यासाठी उपास धरतात. आजीच्या बोटाखालचा तो नाग ज्याच्या लेकरांची आपल्या हातून हत्या झाली असा सोयरा होता. त्याची माफी मागायची असते. हा अर्थ पुसून वर ‘सुप्त ऊर्जा’ लिहिली, तर त्या दिवशी तवा का ठेवायचा नाही हेच मुलांना कळणार नाही.

सापाच्या बाबतीत काही जन्मजात असेलही. 1989 साली छापल्या गेलेल्या प्रयोगांत, प्रयोगशाळेत वाढलेल्या, कधी साप न पाहिलेल्या माकडांना दुसरी माकडं घाबरतानाच्या चित्रफिती दाखवल्या. खेळण्यातल्या सापाची भीती ती पटकन शिकली, फुलांची मात्र शिकली नाहीत. म्हणजे वारशाने फार तर एक तयारी येते. अर्थ ज्याचे त्याला शिकवावे लागतात, आजीने मला शिकवला तसे.

युंग भारतात आला होता हे खरं. 1937 च्या डिसेंबरात तो मुंबईत उतरला; ब्रिटिश सरकारने त्याला कोलकात्याला विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाला बोलावलं होतं. ऋषींपुढे नतमस्तक होणं मात्र घडलं नाही. इथल्या साधुपुरुषांना आपण मुद्दाम टाळलं, असं त्याने आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं आहे. तो दक्षिणेत फिरला, पण रमण महर्षींना भेटायला गेला नाही. प्रवासभर त्याच्या हातात युरोपीय किमयाविद्येचा जाडजूड लॅटिन ग्रंथ होता. कोलकात्यात आमांशाने दहा दिवस रुग्णालयात काढल्यावर त्याला जे स्वप्न पडलं, तेही इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटाचं आणि ख्रिस्ती कथांमधल्या पवित्र प्याल्याचं होतं. तू भारतात काय करतो आहेस, आपल्या लोकांसाठी तो प्याला शोध, असं ते स्वप्न सांगतंय, असा त्याने त्याचा अर्थ लावला. कुंडलिनीवर त्याने 1932 मध्ये झुरिकला व्याख्यानं दिली, हेही खरं. पण 1936 च्या ‘प्रबुद्ध भारत’ या नियतकालिकात त्याने युरोपियनांना योग जसाच्या तसा उचलू नका असं बजावलं. पश्चिमेला तिचा स्वतःचा योग कालांतराने घडवावा लागेल, असं त्याचं मत होतं. भारताबद्दल त्याला आदर होता. त्या आदरातच ‘हे माझं नाही’ अशी कबुलीही होती, आणि मला ती कोणत्याही नतमस्तक होण्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

रावणाच्या दहा तोंडांचं काय? कथेतून मनाचा अर्थ काढायला आपल्याला झुरिकला जायची गरज कधीच नव्हती. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचाच, आणि नाथ ते पहिल्याच ओळीत सांगून टाकतात. हे रूपक. कवीला अर्थ आधीच ठाऊक असतो, तो त्याला रूप देतो. युंग मात्र 1921 च्या ग्रंथात चिन्ह आणि प्रतीक यांत फरक करतो: अर्थ पूर्ण कळला, तर ते केवळ चिन्ह, जे अजून पुरतं कळलेलं नाही, त्याचं शक्य तितकं चांगलं रूप म्हणजे प्रतीक. ‘दहा तोंडं म्हणजे दहा विकार’ म्हटलं की रावण युंगच्या भाषेत प्रतीक उरतच नाही, नुसती यादी उरते. मेळघाटातले कोरकू होळीच्या सुमारास मेघनाथाचा उत्सव करतात, गोंडांमध्ये रावणाला आपला मानणारे आहेत. त्यांनी या यादीचं काय करायचं?

 

राहिला शेवटचा मुद्दा, सगळ्या कथा एकच असल्याचा. मजकुरात इडिपसचं, म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक राजाचं उदाहरण दिलं आहे: ग्रीसमध्येही तीच कथा, आपल्याकडेही तीच. ही कथा आपल्याकडे आहे, आणि तिचं मराठी रूप इरावती कर्वे यांनी 1950 साली ‘मॅन’ या इंग्रजी नियतकालिकात नोंदवलं. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी तिचं कन्नड रूप एका बाईकडून ऐकून लिहून घेतलं. त्यात एका मुलीच्या कपाळी लिहिलेलं असतं की ती स्वतःच्या मुलाशी लग्न करेल. आपण पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. ते लिखित किती खोल रुजलेलं आहे हे वेगळं सांगायला नको. मुलगी रानात पळते, पुरुषाचं तोंड पाहत नाही, तरी एका आंब्यातून तिला गर्भ राहतो. मूल ती साडीच्या तुकड्यात गुंडाळून पाण्यात सोडते. वर्षांनी एक तरुण येतो, लग्न होतं, बाळ होतं. मग घरात तिला तो साडीचा तुकडा सापडतो. नवरा काहीच जाणत नाही, शेवटपर्यंत जाणत नाही. कळतं ते फक्त तिला, आणि ती पाळण्याशी बसून गाते: झोप माझ्या बाळा, झोप माझ्या नातवा, झोप माझ्या नवऱ्याच्या भावा.

ही अंगाई इडिपसवरच्या सोफोक्लीसच्या ग्रीक नाटकात नाही. तिथे शोध मुलाचा आहे, शेवटी डोळे फोडून घेतो तोही मुलगाच. इथे पाळण्याची दोरी जिच्या हातात आहे, कथा तिची आहे.