आधी दिवा बघा, मग धक्का मारा

मराठवाड्यात रस्त्यात गाडी बंद पडली की दोन मिनिटांत चार माणसं जमतात आणि चौघांचं निदान एकच असतं : "बॅटरी गेली असंल." त्यावरचा इलाजही ठरलेला. "बसा तुम्ही आत, आम्ही मारतो धक्का. सेकंडला टाका अन् क्लच सोडा." या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, परभणीच्या मे महिन्यात परक्याच्या गाडीला कोण हात लावतं? पण गाडीनं चावीच ओळखली नसेल तर ढकलत जिंतुरापर्यंत नेली तरी ती चालू होत नाही. अडचण एवढीच, की बाह्या सरसावलेल्या माणसाला हे सांगायचं कसं.

चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की ते कडं लहरी सोडतं, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला कोड सांगते. कोड पटला तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन सोडतो. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात, आणि ती आहे ओसरीवर बसलेल्या म्हातारीसारखी. "कुणाचा रे तू?" याचं उत्तर पटलं नाही तर आत प्रवेश नाही, मग तुम्ही जावई असा नाहीतर सरपंच. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं झालं, ते तारा जोडून गाड्या पळवणाऱ्यांना अडवायला. आपल्याकडे त्याचा ताप चोराला जास्त होतो की मालकाला, यावर टपरीवर दोन मतं आहेत.

तर आधी बोनेट उघडू नका. मंडळी नाराज होतील, होऊ द्या. चावी ऑन करा आणि मीटरमध्ये बघा. चावीचं किंवा कुलूपवाल्या मोटारीचं चित्र दोनतीन सेकंदांत विझलं तर ओळख पटली. भराभर लुकलुकत राहिलं, इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, किंवा पेट घेऊन दोन सेकंदांत मरतंय, तर इमोबिलायझरवर संशय घ्या. (गाडी बंद करून लॉक केल्यावर तो दिवा सावकाश लुकलुकतो, तो पहाऱ्याचा. त्यासाठी मेकॅनिकला उठवू नये.)

मग चावीकडे या. आमच्याकडे चावीला तुळजापूरहून आणलेला पितळी शिक्का, घराच्या तीन किल्ल्या, बाटली उघडायचं हत्यार आणि मेव्हण्याच्या गाडीची चावी एवढा संसार असतो. कड्याजवळ आलेलं धातू आणि दुसऱ्या गाडीची चिप, दोन्ही ओळखपरेडीत गोंधळ घालतात. चावी एकटी काढा आणि पुन्हा फिरवा. देवीला आरशाला लटकवा, तिची हरकत नसते. तरीही जमलं नाही तर दुसरी चावी लावून बघणं हा खरा इलाज. दुसरीनं चालू झाली तर दोष पहिल्या चिपचा. दोन्हींनी नाही झाली तर कडं, त्याचा प्लग किंवा वायरिंग. फक्त ही दुसरी चावी लातूरच्या घरी कपाटात साड्यांच्या घडीखाली असते आणि गाडी मांजरसुंब्याच्या घाटात.

रिमोटचा सेल हे वेगळं प्रकरण. रिमोटनं दार उघडत नाही पण गाडी चालू होते, तर तीन व्होल्टचा बटण सेल गेला. नंबर त्याच्यावरच लिहिलेला असतो, बहुधा सीआर2032. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत सेल मेला तर रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्या ऐकतात.

सगळ्यात हसवणारा दोष कवच बदलण्याचा. जुन्या चावीचं प्लास्टिक तुटतं, बाजारातून चकचकीत कवच येतं, पातं आणि सर्किट त्यात बसतं, आणि तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी चिप जुन्या कवचाला चिकटून कचऱ्यात जाते. रिमोट चालतो, दार उघडतं, स्टार्टर फिरतो, गाडी मात्र अनोळखी माणसासारखी बघते. जुनं कवच फेकण्याआधी फोडून, नखानं खरवडून बघा. नुसतं पातं घासून केलेल्या डुप्लिकेट चावीचीही हीच गत : कुलूप फिरतं, इंजिन धरत नाही.

आता मंडळींच्या बॅटरीकडे, कारण ती कधीकधी खरोखरच गेलेली असते. स्टार्टर 'टकटकटकटक' करत असेल आणि दिवे मंद होत असतील तर बॅटरी उतरली किंवा टर्मिनल ढिलं. एकच दणकट 'टक' आला तर स्टार्टर किंवा अर्थिंग बघा. बॅटरी रात्रभर निवांत राहिल्यावर मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसलं नाही तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र, तपासा, नवी बॅटरी घेऊन दुकानदाराचं भलं करू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवा. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. आणि गंमत म्हणजे स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर इमोबिलायझरही बिथरतो, तेव्हा टपरीवरचे मामा बरोबर ठरतात आणि पुढं कायम ऐकवतात.

इंजिन फिरतंय, दिवा विझलाय, तरी धरत नाही? पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद 'घुंऽऽ' ऐकू येतं का बघा. तो इंधनाचा पंप. आवाज नाही तर फ्यूज आणि रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच) बघा. उडालेला 15 अँपियरचा निळा फ्यूज काढून तिथं 30 चा हिरवा ठोकणारे कलाकार आहेत, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवावी. ऊस-सोयाबीनच्या काळात शेतावर उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. मीटरमधले चारपाच दिवे एकदम लागले तर आधी त्यांचं नाव घ्या.  

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि पी0513 आलं तर चावी चुकीची वाचली गेली, एवढं नक्की. बॅटरी काढून ठेवल्यानं ते सुटत नाही, रेडिओ मात्र कोड मागत बसतो. नवी चावी जोडायला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. बऱ्याच गाड्या त्या वेळी समोर नसलेली चावी यादीतून काढून टाकतात. जुनी गाडी घेताय? "दुसरी चावी गावाकडं हाय, पाठवून देतो" असं मालक म्हणाला तर ती येईपर्यंत इसार तेवढा द्या, बाकीचे पैसे खिशात राहू द्या.